वसूल व्हायला सतरा वर्षं

मिरजगाव
ता. ९ फेब्रुवारी

चि. गंधार यास,
अनेक आशीर्वाद.

फोन मी मुद्दाम उचलत नाही. तो बिघडलेला नाही आणि रेंजही भरपूर आहे. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला आहे, आणि वाजतो तेव्हा मी भाजी निवडत असते. इथून पुढे माझ्याशी बोलायचं असेल तर लिहायचं. फोनवर तू बोलतोस आणि मी 'हं, हं' करते. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे.

रविवारी काय झालं ते आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' व्हायला नको. मी विचारलं होतं एवढंच, की पुढच्या खोलीच्या तीन खिडक्या काढून तिथे त्या नव्या दुहेरी काचेच्या बसवल्या तर परवडेल का. ऊन अडतं, धूळ अडते, आवाजही अडतो म्हणतात. तू इंजिनिअर, त्यातून पोटचा, म्हणून विचारलं. तू दोन दिवस मागून घेतलेस, कॉम्प्युटरवर हिशेब मांडलास आणि म्हणालास, "आई, विजेच्या बचतीतून खर्च वसूल व्हायला सतरा वर्षं लागतात." मग थांबलास. मग म्हणालास, "आणि तू एकाहत्तरची."

पुढचं वाक्य तू गिळलंस. पण जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला अर्धं वाक्य पुरतं रे.

एकाहत्तर आणि सतरा किती, तेही मला येतं. अठ्ठ्याऐंशी. लिहायला अवघड आहे, जगायला असेलच असं नाही.

त्यानंतर तू जे बोललास ते तर मूळ दुखणं. घर त्या हॉटेलवाल्या राधाकृष्णशेठना देऊन टाकायचं, मी पुण्याला तुमच्याकडे यायचं, म्हणजे खिडक्यांचा प्रश्नच मिटला. पाय दुखतो म्हणून पाय कापायचा, अशातली गत. रस्ता चौपदरी झाला, अंगण गेलं, लिंब गेला, ट्रक खाटेपासून हाताच्या अंतरावर आले, हे मला मान्य आहे. पण तुझे बाबा गेले तेव्हा मी या घरातून हलले नाही, ती आता ट्रकला भिऊन हलू? राधाकृष्णशेठना सांग, ढाबा दुसरीकडे काढा.

इथे सगळं ठीक आहे. खोकला फारसा नाही. हल्ली मी स्वयंपाकघरात निजते, तिथे गार असतं म्हणून. सौ. मनवाला आशीर्वाद.

तुझी
आई

मिरजगाव
ता. १६ मार्च

चि. गंधार यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. टाइप केलेलं आहे, पण पत्र आहे. सही तेवढी हातानं केलीस, तिच्यातला 'ध' अजून 'घ'सारखाच काढतोस.

जाड पडदे लावून बघ म्हणालास. लावले. खोलीत इतका काळोख झाला की भर दुपारी मी देव्हाऱ्याला धडकले. फटींत कागद कोंबून बघ म्हणालास. कोंबले. पहिल्याच उसाच्या ट्रॅक्टरनं ते बाहेर काढून दाखवले. यंदाचे ट्रॅक्टरवाले तर मोठमोठे स्पीकर लावून जातात. दोन ट्रॉल्या ऊस आणि वर कुठल्या तरी बाईचं रडगाणं. गाणं जवळ येतं तशी आधी तावदानं थरथरतात, मग कपाटातली भांडी, मग मी.

स्वयंपाकघरात गार असतं म्हणून निजते असं मागे लिहिलं होतं. तिथे पत्र्याखाली गार कुठलं! पुढच्या खोलीत झोप लागत नाही, म्हणून मी आत गेले. आता लिहिलंच आहे तर डॉक्टरांचंही लिहिते. ते म्हणतात, खोकला धुळीचा आहे, धूळ थांबवा नाहीतर जागा बदला. 'जागा बदला' एवढंच धरून बसू नकोस. त्याच्या आधी 'नाहीतर' आहे. उभयान्वयी अव्यय. त्याच्या अलीकडची बाजूही वाचायची असते.

मागच्या आठवड्यात नगरला सावेडीत अश्विनीकडे गेले होते. अश्विनी म्हणजे आमच्या शाळेतली गणिताची, तुला पाढे म्हणायला बाकावर उभं करायची ती. तिच्या मुलानं घराला तशाच खिडक्या बसवल्या आहेत, तेव्हा म्हटलं, दुकानदाराचं ऐकण्यापेक्षा स्वतः बसून बघावं. बाहेर बुलेट गेलेली दिसली. दिसली फक्त! काचेला हात लावला तर उन्हाच्या मानानं खूपच निवलेली. अश्विनी चहा करायला आत गेली आणि मी खुर्चीतच झोपले. तिनं उठवलं नाही. उठले तेव्हा चहावर साय धरली होती. इतकी लाज वाटली, आणि इतकं बरं वाटलं.

अश्विनीला विचारलं, यात तोटा काय? ती म्हणाली, "दारात कुणी हाक मारली तर कळत नाही. बेल बसवून घे." बेल मला आवडत नाही. बेल वाजवून येणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो.

आणि तुझा हिशेब मी अश्विनीला दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "यात वीज वाचते ती एसीची. तुझ्याकडे एसी कुठाय?" नाहीच. माझ्याकडे एक कूलर, तोही कुरकुरणारा. म्हणजे तुझी सतरा वर्षंसुद्धा खोटी. खर्च कधीच वसूल होणार नाही. मी एकशे सत्तर जगले तरी नाही.

ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! येताना एसटीत मी हसत होते. विजेतून वसूल होणारच नाही म्हटल्यावर विजेचा विषय संपला. आता मला एवढंच बघायचं आहे की स्वतःच्या घरात स्वतःच्या खाटेवर झोपायची किंमत मी द्यायची की नाही. हे कॉम्प्युटर नाही सांगणार, मी सांगेन.

तुझी
आई

मिरजगाव
ता. ४ मे

चि. गंधार यास,
अनेक आशीर्वाद.

ठरवलं. सांगून टाकलं. उद्या माणसं येतायत. पैसे माझ्या पेन्शनचे आहेत, रस्त्याच्या भरपाईतल्या पैशाला हात लावलेला नाही, तेव्हा तुझ्या जिवाला घोर नको. तीनच खिडक्या करते आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीचं पुढे बघू, कारण पेन्शन एकच आहे.

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला आणि मग हसू. 'पैसे पाण्यात घालू नकोस' म्हणालास. पाण्यात नाही, काचेत घालते आहे. आणि शेवटी काय लिहिलंस? 'निदान बाबांनी बसवलेल्या खिडक्या तरी काढू नकोस.' अरे वा! घर हॉटेलवाल्याला द्यायला निघालेल्या माणसाला खिडक्यांचा पुळका! राधाकृष्णशेठ काय त्यांना हार घालणार होते? भजी तळायला सरपण केलं असतं.

तू चेंडू मारून तडा पाडलेलं तावदान मी वेगळं काढून ठेवलं आहे. नेणार असलास तर ने.

खिडक्यांवाल्याचा प्रतिनिधी येऊन मापं घेऊन गेला. बोलका मनुष्य. म्हणे, "काकू, बाहेर वरात गेली तरी आत टाचणी पडलेली ऐकू येईल." मी म्हटलं, माझ्याकडे टाचण्या पडत नाहीत, मी त्या जागच्या जागी ठेवते. गज काढून टाकू म्हणत होता, मोकळं दिसतं म्हणून. गज मी काढू दिले नाहीत.

गावाला मात्र पटत नाही. एकट्या म्हाताऱ्या बाईनं खर्च केला की त्यामागं काहीतरी असणारच, असं लोकांचं मत. बातमी अशी आहे की मी घराचा भाव वाढवायला खिडक्या बसवते आहे आणि बसल्या की पुण्याला तुझ्याकडे जाणार. काल तुझा वर्गमित्र गोरक्ष त्याच्या पंक्चरच्या दुकानातूनच ओरडला, "बाई, मंग कवा जानार?"

मी म्हटलं, "कुठं?"

"पुन्याला वो. समदं गाव म्हनतंय."

"गावाला म्हणावं, बाई कुठंही जाणार नाहीत."

"व्हय व्हय," म्हणाला आणि हसला. कुणाचा विश्वास नाही. साळूबाईसुद्धा परवा दूध घालताना डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाई, तुमी गेल्यावर आमी हाक कुनाला मारायची?" रोज सकाळी ती रस्त्यावरूनच पुढच्या खिडकीशी येते, 'बाई, दूध!' म्हणून हाक मारते, मी गजांतून पातेलं धरते. इतक्या वर्षांत एकदाही दार वाजवलं नाही तिनं. तिला म्हटलं, मी मेल्यावर मारू नकोस, तोवर मारत जा.

तुझा फोन परवाही वाजत होता. मी वरणाला फोडणी देत होते.

तुझी
आई

मिरजगाव
ता. ९ मे

चि. गंधार यास,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी तू गेलास. समोर बसून बोलता आलं असतं, पण तू पिठलं खात होतास आणि मी तुझ्याकडे बघत होते. त्यात बोलायचं राहिलं. शिवाय परवा नक्की काय झालं ते तुला गोरक्षनं सांगितलं, गोरक्षला साळूबाईनं, आणि प्रत्येकानं आपापला बचाव केला. खरी हकिकत कुणीतरी नीट लिहून ठेवली पाहिजे.

दोन दिवस काम चाललं आणि शुक्रवारी संध्याकाळी खिडक्या बसल्या. माणसं गेली, मी तिन्ही लावून घेतल्या आणि खोलीच्या मधोमध उभी राहिले. घरात भिंतीवरचं घड्याळ वाजतं हे मी विसरूनच गेले होते. रात्री कितीतरी दिवसांनी पुढच्या खोलीत, माझ्या खाटेवर अंथरूण घातलं. पडले ती झोपले.

सकाळी साळूबाई आली, खिडकीशी उभी राहून हाका मारल्या. मला कसलं ऐकू येतंय! ती माझ्याजवळ म्हणाली ते असं, "बाई, म्या वरडून वरडून दमले. खिडक्या झाकलेल्या, दार लावलेलं. दिवसाढवळ्या खिडक्या कोन झाकून घेतं? म्हनलं, गेल्या बया पुन्याला, सांगितलं बी न्हाई." इथे दिवसा बंद खिडकी म्हणजे घरात माणूस नाही, हे खरंच आहे. माझ्या ते ध्यानातच आलं नाही. तिनं जाताना गोरक्षला सांगितलं. गोरक्ष काष्टीच्या बाजाराला निघाला होता, गाय बघायला. टेम्पोत बसता बसता त्यानं तुमच्या दहावी 'ब'च्या ग्रुपवर लिहिलं: 'बाई गेल्या वाटतं. घर बंद.' आणि मोबाईल खिशात टाकून गेला बाजाराला.

पुण्याला, हा एक शब्द त्यानं खाल्ला. जन्मभर मी मुलांना गाळलेल्या जागा भरायला शिकवल्या, आणि ही जागा तुम्ही सगळ्यांनी मिळून काय भरलीत!

तो ग्रुप काल गोरक्षनं मला दाखवला. मान खाली घालून उभा होता. सगळं वाचलं. हात जोडलेले, फुलं वाहिलेली, मेणबत्त्या. कुणीतरी माझा स्नेहसंमेलनातला फोटो काढून त्याला हारसुद्धा घातला, तत्परता बघ. आणि ओळीनं सगळ्यांचं 'भावपुर्ण श्रध्दांजली'. 'पू' ऱ्हस्व! 'द्ध' उलटा! एकानं चुकवलं म्हणून पुढच्या सगळ्यांनी तसंच उतरवलं, वर्गात उतरवायचे तसं. मला मारलंत त्याचं काही नाही, पण निदान शुद्ध मारायचं.

तू तिथे काही लिहिलेलं नाहीस. ते मी पाहिलं.

आता फोनचं. तो सकाळपासून वाजत होता, आणि मला ऐकू येत होता, कारण तो घरातच होता आणि स्वयंपाकघराचं दारही उघडं. मला वाटलं, खिडक्या बसल्याचं कळलं असेल, बोल लावायला करतोय. म्हणून मोठ्या तोऱ्यात बसून राहिले. दूध आलं नाही म्हणून कोरा चहा पीत साळूबाईवर चरफडत होते आणि तो तिकडे वाजत होता. तू गाडी चालवता चालवता करत होतास हे मला माहीत नव्हतं. याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

दुपारी जेवून पडले. आदल्या रात्रीच्या झोपेनं भूक भागली नव्हती, उलट वाढली होती. तुम्ही आधी दार बडवलंत म्हणे. पण ट्रकच्या हादऱ्यानं त्या दाराची कडी वर्षानुवर्षं रात्रंदिवस वाजत आलीय, तिनं मी कूससुद्धा बदलत नाही. मग तोंडावर सावली आली म्हणून डोळे उघडले. बघते तर काचेपलीकडे दोन तोंडं. एक तुझं. दुसरं गोरक्षचं, बाजारात तो ग्रुप बघून तसाच धावत आलेला, आणि त्याच्या हातात टायर काढायची टॉमी, डोक्यावर उगारलेली.

मी ओरडले, "गोरक्ष, काच फुटली तर भरून घेईन!"

तुम्हाला ते ऐकू आलं नाही. खिडकी खरोखरच चांगली आहे. आणि गजांच्या आत काच फोडून तुम्ही येणार होतात कुठून? मागचं दार सताड उघडं होतं. दोघांपैकी एकालाही घराला वळसा घालायचं सुचलं नाही. एक पंक्चरवाला आणि एक इंजिनिअर.

पण मग मी उठून बसले, आणि टॉमी खाली आली, आणि तुम्ही दोघं काहीतरी ओरडायला लागलात. आवाज नाहीच. नुसते ओठ. गंधार, तू लहानपणी शाळेत सगळ्यांसारखं मला 'बाई'च म्हणायचास. घरीसुद्धा कधी चुकून 'बाई' निघायचं तोंडातून आणि तुझे बाबा हसायचे. 'बाई' म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात. 'ब' ओष्ठ्य आहे. गोरक्षचे ओठ मिटत होते, उघडत होते, मिटत होते. तुझे एकदाही मिटले नाहीत.

म्हणून ऐकू न येताही मला कळलं तू काय म्हणत होतास ते.

मी खिडकी सरकवली. आधी हायवे आत आला, मग धूळ, मग तू गजांतून हात घातलास. माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. मी बोलले ते काय, तर "जेवलास का?" गोरक्ष तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला आणि म्हणाला, "बाई, पुन्याला लिवायचं राह्यलं वो." तेव्हा मला काहीच समजलं नव्हतं. आता समजलंय आणि अजूनही हसू येतं. मग मधूनच येईनासं होतं.

तू दोन रात्री पुढच्या खोलीत झोपलास. सकाळी नऊपर्यंत. घोरतोस, तुझ्या बाबांसारखा, आणि ते आता मला ट्रकशिवाय स्पष्ट ऐकू आलं. राधाकृष्णशेठचं नाव तू काढलं नाहीस. सतरा वर्षांचंही नाही. निघताना स्वयंपाकघरात जाऊन जुनी खिडकी वितीनं मोजलीस आणि पाठमोराच म्हणालास, "ही पण करून टाकू. माझ्याकडून."

तुझ्याकडून म्हणालास, ते ठेवून घेते. पण खिडकी नको. ही एक अशीच राहणार. साळूबाईला सांगितलं आहे, आता बोळातून मागच्या बाजूला यायचं आणि या खिडकीशी हाक मारायची. गावालाही तेच सांगितलं आहे. तीन खिडक्या माझ्या झोपेच्या, एक हाकेची. एवढी धूळ मी खाईन. फार वाटलं तर पुढच्या वेळी येताना माझा कूलर दुरुस्त करून दे.

दुकानदारानं दहा वर्षांची गॅरंटी दिली आहे. मी त्याला बजावलं आहे की दहाव्या वर्षी सरकपट्टी अडकली तर भांडायला मी स्वतः नगरला येईन. तो हसला. तू हसू नकोस. आणि सतरा वर्षांनी खरंच काही वसूल झालं का ते बघायलाही ये, मी असेन. पण तोवर कुणी मेल्याशिवाय यायचंच नाही असं काही नाही.

फोन पिठाच्या डब्यावरून खाली घेतला आहे. वाजला की उचलीन. तरी लिहीत जा, आणि 'ध' सुधार.

पुढल्या वेळी आलास की काचेवर मारू नकोस. घराला वळसा घाल, मागच्या खिडकीशी उभा राहा आणि हाक मार. मी ओ देईन.

तुझी
अजून न गेलेली
आई